मुलाची ठेव, पालकाची सही

आपल्या इंदूरच्या मराठी समाजातले एखादे मूल टीव्हीवर गाऊ-नाचू लागले की गणेशोत्सवात आपण त्याला शाल-श्रीफळ देतो, आईवडिलांना मंचावर बसवतो. त्या मुलाने किती कमावले आणि ते पैसे कुठे आहेत, हे कोणी विचारत नाही. मी बँकेत कारकून आहे, म्हणून विचारतो.

कायदा आहे. बालमजुरी कायदा २०१६ साली दुरुस्त झाला, २०१७ साली नियम आले. १४ वर्षांखालील बालकलाकाराकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, लागोपाठ २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. निर्मात्याने आधी कलेक्टरची परवानगी घ्यायची, शाळा तुटणार नाही अशी सोय करायची, आणि कमाईचे किमान २० टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत थेट भरायचे.

वाचायला छान! आता काउंटरच्या आतली गोष्ट ऐका. मायनरची ठेव पालकाच्या सहीवर चालते. 'पैसे मुलाच्या हितासाठी हवेत' असे लिहून दिले की ती मुदतीआधी मोडता येते. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ मुलीची अशीच ठेव मोडायला आले. शाळेची वेळ, आणि मुलगी शेजारी उभी. कशासाठी, असे विचारले, तर म्हणाले, "गाडी घ्यायचीय. हिलाच शूटिंगला न्यायला लागते ना!" कागद पुरे होते. मी शिक्का मारला. तो शिक्का मला अजून बोचतो.

मायनरच्या नावची जमीन विकायची तर १९५६ च्या हिंदू कायद्याप्रमाणे वडिलांनाही कोर्टाची परवानगी लागते. आजोबांकडून आलेल्या जमिनीला कोर्ट, आणि स्वतःच्या कष्टाच्या पैशाला एक सही? हा कुठला न्याय?

अमेरिकेत चॅप्लिनच्या 'द किड' (१९२१) मधला जॅकी कूगन मोठा झाला, तेव्हा त्याची लाखो डॉलरची कमाई आई आणि सावत्र वडिलांनी उडवलेली होती. १९३८ साली तो कोर्टात गेला. हाती सुमारे सव्वा लाख डॉलर लागले. पण १९३९ साली कॅलिफोर्नियात कायदा झाला. आज तिथे १५ टक्केच बाजूला पडतात, पण १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत कोर्टाच्या हुकमाशिवाय त्यांना हात लावता येत नाही. आपले २० टक्के, पण कुलूप नाही. उरलेल्या ८० टक्क्यांचा हिशेब तर कोणीच मागत नाही. आणि १४ वर्षे पूर्ण झाली की हा नियमही संपतो.

कोणी म्हणेल, आपल्या इंदुरात जन्मलेल्या लताबाईंनीही लहानपणीच घर चालवले. खरे आहे. १९४२ साली मास्टर दीनानाथ गेले तेव्हा त्या १३ वर्षांच्याही नव्हत्या. पण ती त्या घराची आपत्ती होती, आदर्श नव्हे. ज्यांच्या घरी दोन पगार येतात, त्यांनी लताबाईंचे नाव पुढे करू नये.

म्हणून मागणी साधी आहे. ही ठेव १८ वर्षांपर्यंत कोर्टाच्या परवानगीशिवाय मोडता येऊ नये, आणि नियम १४ वर नव्हे, १८ वर संपावा. आपल्या खासदारांकडे हे निवेदन मंडळाने द्यावे. तोवर घरचे काम आपणच करू. यंदा सत्काराआधी कार्यकारिणीने पालकांना दोनच गोष्टी विचाराव्यात : शाळेतली हजेरी किती, आणि ठेवीची पावती कुठे? राग आला तर येऊ द्या. शाल थोडी उशिरा मिळाली तर बिघडत नाही. मोडलेली ठेव आणि बुडालेली शाळा मुलाला परत मिळत नाही.