पंप कपाटात नको, हाताशी हवा

दसरा-दिवाळीच्या मधले दिवस. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात या दिवसांत चिखली, मेहकर कुठल्याही बाजूला जा, मळणी यंत्राचा आवाज येतोच. सोयाबीन निघालेलं असतं, खळ्यावर भुसा उडत असतो, पोरं त्या ढिगांवर नाचत असतात. आणि याच दिवसांत अनेक घरांत रात्री दोन-अडीचला दुसरा एक आवाज येतो. लहान लेकराच्या छातीतला. बारीक शिट्टीसारखा... सूंऽऽ सूंऽऽ. ज्या आईनं तो एकदा ऐकला, ती जन्मभर विसरत नाही.

मी तो माझ्याच घरात ऐकलाय. माझा धाकटा तेव्हा चार वर्षांचा होता. दोन महिन्यांपूर्वीच डॉक्टरांनी दम्याचं निदान करून पंप आणि तो ओढायचा स्पेसर दिला होता. मी काय केलं? घरी आणून कपाटात साड्यांच्या मागे ठेवून दिला. सासूबाई म्हणाल्या होत्या, “पंपाची सवय लागते बाई, मंग जनमभर सुटत नाही.” शेजारीण म्हणाली, पंप म्हणजे शेवटचा उपाय. पण खरं सांगायचं तर मलाच लाज वाटत होती. लेकराला कुणी ‘दमेकरी’ म्हणू नये, एवढंच डोक्यात होतं.

त्या रात्री मी छातीला बाम चोळला, ओव्याची पुरचुंडी शेकली, आल्याचा रस दिला, खोकल्याचं औषध पाजलं. पहाटे त्याला “आई, पाणी” हे दोन शब्दही एका दमात म्हणता येईनात, तेव्हा शेजाऱ्यांची जीप काढून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी विचारलं, “पंप दिला होता ना? किती वेळा दिला?” मी म्हणाले, “संपला.” चक्क खोटं बोलले! ही गोष्ट आज पहिल्यांदाच लिहितेय. कारण पुढे गावोगावी बचत गटाच्या कामानिमित्त फिरताना मला अशा कितीतरी आया भेटल्या, ज्यांचा पंप असाच कुठल्या तरी कपाटात होता.

मैत्रिणींनो, मला आज एवढंच सांगायचं आहे, की लेकराचा दमा रात्री दोन वाजता आवरायचा नसतो. त्याची तयारी दिवसाउजेडी, लेकरू हसत-खेळत असताना करून ठेवायची असते.

आधी तो पंप समजून घेऊ. दम्यात श्वासाच्या बारीक नळ्या आतून सुजलेल्या असतात आणि निमित्त मिळालं की आवळतात. म्हणून औषधं दोन प्रकारची. एक आवळलेली नळी लगेच सैल करणारं, ते सालब्युटामॉल. त्याचा पंप बहुतेक निळा असतो. दुसरं सूज कमी ठेवणारं, ते रोज घ्यायचं. लेकरू ठणठणीत दिसलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचं नाही. आपण नेमकं उलटं करतो. बरं वाटलं की रोजचा पंप सोडतो आणि धाप लागली तरी निळा काढत नाही!

आता ‘सवय लागते’ या भीतीबद्दल. आपल्याला पातळ औषध सौम्य वाटतं आणि पंप कडक वाटतो. हिशोब बघा. सालब्युटामॉलच्या सिरपच्या ५ मिलीच्या एका चमच्यात साधारण २ मिलिग्रॅम, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम औषध असतं. पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे चमचा वीस फवाऱ्यांएवढा झाला! तो पोटातून सगळ्या अंगात फिरतो, हात थरथरतात, छाती धडधडते, आणि गुण यायला वेळ लागतो. फवारा थेट नळीत जातो आणि काही मिनिटांत काम करतो. यात व्यसन कसलं? नजर कमी झाली तर चष्मा लावतो, त्याला कुणी सवय म्हणतं का?

रोजच्या पंपात स्टिरॉइड असतं, हे खरं. पण तेही मायक्रोग्रॅममध्ये. पंप टाळून वारंवार अटॅक आला, की मग स्टिरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागतात, त्या मिलिग्रॅममध्ये. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. उंचीवर थोडा परिणाम होऊ शकतो, सुरुवातीच्या काळात साधारण एखाद्या सेंटिमीटरचा. तो लपवायचं कारण नाही. पण रात्र-रात्र न झोपणाऱ्या, न खेळणाऱ्या लेकराचं जे नुकसान होतं, ते कितीतरी मोठं. पंप घेतल्यावर चूळ भरायला लावा, तोंड पुसून घ्या, म्हणजे तोंड येत नाही.

लहान मुलाला पंप नुसता तोंडात धरून जमत नाही. स्पेसर हवाच, आणि तीन-चार वर्षांपर्यंत त्याला मास्कही हवा. पंप हलवायचा, मास्क नाका-तोंडावर घट्ट बसवायचा, एकच फवारा मारायचा आणि लेकराला शांतपणे पाच-दहा श्वास घेऊ द्यायचे. मग पुन्हा हलवून दुसरा. दक्षिण आफ्रिकेत १९९९ साली डॉक्टरांनी ५०० मिलीच्या साध्या प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाला पंपाच्या मापाचं भोक पाडून तिचा स्पेसर केला, आणि मुलांना तो विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी पडला. म्हणजे इथं पैशापेक्षा पद्धत महत्त्वाची. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून धुवा आणि न पुसता वाळू द्या. आणि हो, ‘मशीन लावा’ असा हट्ट धरू नका. साध्या अटॅकमध्ये नीट दिलेला स्पेसर नेब्युलायझरपेक्षा कमी पडत नाही. नुसत्या गरम पाण्याच्या वाफेनं तर दम्याची नळी उघडत नाही, उलट लेकरू भाजण्याचा धोका.

धाप सुरू झाली तर? लेकराला आडवं झोपवू नका, मांडीवर बसतं धरा. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सर्वसाधारण पद्धत अशी, की निळ्या पंपाचे दोन फवारे, एकेक करून. २० मिनिटं बघायचं. गरज वाटली तर आणखी दोनदा तसंच. पहिल्या दोन तासांत सहापेक्षा जास्त फवारे लागतायत, किंवा औषधाचा गुण दर वेळी लवकर उतरतोय, तर दवाखाना. लेकरू वर्षाच्या आतलं असेल तर फवारे मोजत घरी बसू नका. तुमच्या लेकराचं माप मात्र त्याच्या डॉक्टरांकडूनच घ्या. कारण या वयात छातीत घरघर करणारं प्रत्येक लेकरू दम्याचं नसतं.

काही खुणा दिसल्या तर वाट बघायचीच नाही. बरगड्यांमधली, गळ्याखालची कातडी आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात, बोलता किंवा पिता येत नाही, ओठ निळसर पडतात, लेकरू सुस्तावतं. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास शांत असताना मिनिटाला ४० किंवा जास्त भरले, तर तेही धोक्याचं. सगळ्यांत फसवं म्हणजे धाप तशीच असताना छातीतला आवाज बंद होणं. आपण म्हणतो, “झालं बाई मोकळं!” प्रत्यक्षात हवाच जात नसते. अशा वेळी १०८ ला फोन करा आणि वाटेतही स्पेसरनं फवारे देत राहा.

आता अटॅक येऊच नये म्हणून. लहान मुलांत सर्वांत मोठं निमित्त साध्या सर्दीचं असतं, केळी-दह्याचं क्वचितच. बाकी कारणं आपल्याच घरात सापडतात. चुलीत पऱ्हाट्या-तुराट्यांचा धूर, डासांची कॉइल, ऊद, घरातल्या माणसाची बिडी, भाव वाढेल म्हणून राहत्या खोलीत भरून ठेवलेला कापूस. सिलिंडर असूनही भरायला पैसे नाहीत म्हणून चूल पेटते, हे मला ठाऊक आहे. मग चूल तरी अंगणात न्या, आणि त्या वेळी लेकरू कडेवर नको.

आणि सोयाबीनचा भुसा! स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात मध्येच एखाद्या दिवशी दम्याच्या रुग्णांची दवाखान्यात एकदम गर्दी व्हायची. शोध घेतल्यावर कळलं, बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवलं की त्याची धूळ गावभर पसरत होती. कोठाराला फिल्टर बसवले आणि त्या साथी थांबल्या. आपल्या खळ्याला कोण फिल्टर बसवणार? पण दम्याचं लेकरू मळणीच्या दिवशी खळ्यावर न्यायचं नाही, एवढं तर आपल्या हातात आहे.

मृगाला हैदराबादला जाऊन माशातून औषध, कोजागिरीला खिरीतून औषध... जाणाऱ्यांना मी हसत नाही. लेकराच्या श्वासापुढे आई काय काय करते, ते मला माहीत आहे. पण जिवंत मासा चिमुकल्याच्या घशात घालायला माझा साफ विरोध आहे. आणि खीर दिली म्हणून पंप बंद, हे तर मुळीच चालायचं नाही. जगातले दम्याचे सुमारे १३ टक्के रुग्ण भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त भारतात होतात, असा जागतिक अभ्यासाचा अंदाज आहे. औषध नाही म्हणून नव्हे, कित्येकदा ते वेळेवर आणि नियमित घेतलं जात नाही म्हणून.

शेवटचा मुद्दा आपल्या बायकांचा. रात्री दोन वाजता सुनेला निर्णय घेता येतो का हो? सासू म्हणते काढा दे, नवरा म्हणतो सकाळी बघू, आणि ती बिचारी लेकरू मांडीवर घेऊन सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहते. म्हणून डॉक्टरांकडून कागदावर मराठीत लिहून घ्या. रोज काय द्यायचं, धाप लागली तर किती फवारे, कोणती खूण दिसली की निघायचं. तो भिंतीवर लावा. सासूबाईंना आणि नवऱ्याला वाचून दाखवा, स्पेसर त्यांच्याही हातात द्या. अंगणवाडीताईला सांगून ठेवा. कागदावर डॉक्टरांची सही असली की घरात वाद होत नाही, आणि लेकराची ती वीस मिनिटं वाया जात नाहीत.

माझा धाकटा आता कॉलेजला आहे, सायकलनं जातो. आमच्या घरात पंप दाराजवळच्या खिळ्याला पिशवीत टांगलेला असतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. त्या कागदाची घडी फाटली, तेव्हा सासूबाईंनीच मला नवीन लिहून आणायला लावला.

तुमच्या घरात पंप कुठे आहे? हे वाचून झालं की आधी उठा आणि तो कपाटातून बाहेर काढा.