जखमेतले शेजारी

गेल्या भाऊबिजेला यावलचे मामा-मामी आमच्याकडे धुळ्याला आले होते. आई ओवाळायला बसली, तरी मामांचा डावा पाय काही धोतराबाहेर येईना. शेवटी मामीनेच गुपित फोडले. "वन्सं, तुम्हीच सांगा यांना. दोन महिने झाले, जखम भरत नाही!"

शेतात पऱ्हाटीचे खुंट तळव्यात घुसले होते. मधुमेहाने पाय बधिर झालेला, त्यामुळे मामांना पत्ताच नव्हता. मग गावात जेंटामायसिनची इंजेक्शने झाली, ओळखीच्याने सुचवलेल्या गोळ्या झाल्या. पट्टी सोडली तर हिरवट पू. मामांना आम्ही परत जाऊच दिले नाही.

डॉक्टरांनी पू तपासायला पाठवला. कागद आला, त्यात जंतू दोन निघाले. एक स्टॅफिलोकॉकस ऑरियस, म्हणजे द्राक्षांच्या घडासारखा दिसणारा सोनेरी जंतू. दुसरा पुवाला हिरवा रंग देणारा स्यूडोमोनस. सोनेरी जंतूपुढे लिहिले होते, जेंटामायसिन लागू पडते!

मामा व्यवहाराचे पक्के. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, कागदावर मरणारा जंतू माझ्या पायात कसा जगतो?"

प्रश्न लाखमोलाचा होता. तपासणीत प्रत्येक जंतू वेगळा काढून, अगदी सोवळ्यात ठेवल्यासारखा, बशीत एकटा वाढवतात आणि त्यावर औषधांच्या टिकल्या ठेवतात. टिकलीभोवती जंतू उगवले नाहीत की औषध लागू. जुन्या जखमेत मात्र जंतूंची चाळच असते. बुळबुळीत थराखाली सगळे खेटून राहतात आणि एकाच्या बिऱ्हाडातले दुसऱ्याला भोवते.

स्यूडोमोनस एक रसायन सोडतो, त्याने सोनेरी जंतूचा श्वसनव्यवहार थंडावतो. तो मरत नाही. नुसता मंद होऊन पडून राहतो. आणि जेंटामायसिनच्या जातीची औषधे जंतूच्या आत शिरतात ती त्या श्वसनाच्याच जोरावर! म्हणजे शेजाऱ्याने गळा आवळला आणि त्यानेच जीव वाचला. जेंटामायसिनचे भावंड टोब्रामायसिन, त्याच्या बाबतीत अमेरिकेतल्या संशोधकांनी हे २००६ साली दाखवून दिले.

पेनिसिलीनची कथा याहून जुनी. पुण्याजवळ पिंपरीला १९५५ साली ते तयार होऊ लागले, त्याच्या कितीतरी आधी, १९४० सालीच, ऑक्सफर्डला एब्रहॅम आणि चेन यांनी पेनिसिलीन फोडणारे द्रव्य जंतूंमध्ये शोधले होते. असे द्रव्य एका जंतूने बाहेर सोडले की त्याच्या आडोशाला, स्वतः ते बनवू न शकणारा शेजारीही तगतो. छत्री एकाची, कोरडे दोघे.

पण शेजार नेहमी जंतूंच्याच पथ्यावर पडतो असे नाही. स्यूडोमोनसच्या काही जातींचे एक द्रव्य सोनेरी जंतूची भिंत पोखरते आणि व्हॅन्कोमायसिनचे काम सोपे करते, असे २०१७ साली आढळले. कोणता शेजार कोणाला तारील आणि कोणाला मारील, हे त्या साध्या तपासणीच्या कागदावरून कळत नाही.

"तुमच्या पायात असेच घडले, असे मी छातीठोक सांगणार नाही," डॉक्टर म्हणाले. "मेलेल्या मांसात रक्त पोचत नाही, मग औषध तरी कुठून पोचणार? साखरही वाढलेली. आधी चाळ रिकामी करू!"

त्यांनी सडलेले मांस खरवडून काढले, इन्सुलिन सुरू केले आणि दोन्ही जंतूंचा विचार करून औषधे दिली. तरी करंगळी वाचली नाही. हाडापर्यंत सडा गेला होता. ती काढली त्या रात्री मामा कोणाशी बोलले नाहीत. जखम भरायला पुढे तीन महिने लागले.

यंदा भाऊबिजेला मामा येणार आहेत. मामीचा निरोप आहे, की आता ते बूट घातल्याशिवाय शेतात पाऊल टाकत नाहीत आणि रोज रात्री आरसा धरून तळवे पाहतात. केळीचा घड मात्र अजून स्वतःच खांद्यावर घेतात. त्याबद्दल वन्सं काय म्हणतात ते बघायचे.