आगीची दुसरी वाट

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत, सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथें, समृद्धी महामार्गावर एक खासगी बस उलटून पेटली व २५ प्रवासी मृत्यू पावले. बस दाराच्याच बाजूवर पडल्यामुळें नेहमींची वाट बंद झाली. जे थोडे वाचले, त्यांतील कित्येक कांच फोडून निघाले. शोक सर्वांनीं केला. पण त्यांतला धडा आपल्या शाळांनीं घेतला काय? नेहमींचें दार बंद झाल्यास दुसरें कोठें, हें आधींच ठाऊक असावें लागतें; धूर विचार करण्यास सवड देत नाहीं.

तमिळनाडूंतील कुंभकोणम येथें १६ जुलै २००४ रोजीं शाळेच्या गवती छपरास आग लागून ९४ मुलें दगावलीं. सुरत येथें २४ मे २०१९ रोजीं बाजारांतील इमारतीच्या माथ्यावर चाललेल्या शिकवणी वर्गांत २२ विद्यार्थी प्राणांस मुकले. कित्येकांनीं खिडक्यांतून उड्या टाकल्या.

कायदा नाहीं, असें नाहीं. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक अधिनियम २००६ सालचा आहे. त्याप्रमाणें दर जानेवारींत व जुलैंत अग्निसाधनें सुस्थितींत असल्याचा दाखला द्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयानेंही २००९ सालीं शाळांत अग्निशामक साधनें ठेवण्याचा व शिक्षकांस तीं वापरण्यास शिकविण्याचा आदेश दिला. परंतु दाखला भिंतीवरील तांबड्या नळकांड्याविषयीं बोलतो. त्याखालीं बसणाऱ्या मुलाच्या ज्ञानाविषयीं तो मुका आहे. धुरांत ओणवें होऊन चालावें, दप्तरासाठीं मागें फिरूं नये, अंगणांत ठरल्या जागीं उभें राहून हजेरी द्यावी, हें व्याख्यानानें नव्हे, सरावानेंच अंगवळणीं पडतें.

१९४४ च्या मुंबई गोदीच्या स्फोटाचें स्मरण म्हणून १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. पण तेव्हां मुलें परीक्षेंत गुंतलेलीं असतात. सबब जूनमध्यें शाळा उघडतांच एकदां व दिवाळीनंतर एकदां प्रत्यक्ष सराव व्हावा. अभ्यास बुडेल, अशी तक्रार करणाऱ्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, घटका अर्धी घटका बुडाल्यानें कोणी नापास होत नाहीं.

खामगांव-मलकापूरचा व्यापारी कापसाच्या गंजीजवळ कोणास विडी पेटवूं देत नाहीं. तोच गृहस्थ मुलाच्या शाळेचा मागील जिना कुलुपांत आहे कीं काय, हें कधीं पाहतो काय? पुढील पालकसभेंत फीविषयीं विचारण्यापूर्वीं त्यानें त्या कुलुपाची किल्ली कोणापाशीं असते, हें विचारावें. आग लागल्यावर विहीर खणण्याची आपली जुनी खोड निदान मुलांच्या बाबतींत तरी सुटली पाहिजे.