तारेतली खरखर

मिक्सर सुरू झाला की रेडिओवरच्या बातम्या खरखरीत बुडायच्या, हे ज्यांना आठवतं त्यांना मॅनासासचं दुखणं चटकन कळेल. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं हे लहानसं शहर. २००५च्या सुमारास तिथे विजेच्या तारांतूनच घरोघरी इंटरनेट पोचलं. नवी केबल नको, खोदकाम नको. भिंतीतल्या सॉकेटमध्ये मोडेम खुपसला की काम झालं! कल्पना झकासच होती. पण विजेच्या तारेला टीव्हीच्या केबलसारखं धातूच्या जाळीचं वेष्टण नसतं. तिच्यात शॉर्टवेव्हच्या पट्ट्यातले संकेत सोडले की खांबांवरून गेलेली ती उघडी तार चक्क अँटेना होते. मग समुद्रापलीकडून येणारा क्षीण आवाज टिपू पाहणाऱ्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींच्या कानी नुसता गोंगाट.

त्यांची संघटना, एआरआरएल, थेट अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाविरुद्ध कोर्टात गेली. २००८ साली निकाल लागला. ज्या अभ्यासांच्या आधारे तारेतल्या इंटरनेटचे नियम केले, त्यांतलेच काही भाग आयोगाने झाकून ठेवले होते, आणि कोर्टाने त्यावर बोट ठेवलं. आम्हाला खरखरीपेक्षा ही झाकपाक जास्त खटकते.

मॅनासासने २०१० मध्ये ही सेवा गुंडाळली. तारा अर्थातच खांबांवर राहिल्या, फक्त वीज वाहत.