टाके निघाले, पण जखम पक्की झाली का?

भाजी चिरताना बोट कापतं. आपण ते नळाखाली धरतो, दाबून ठेवतो, काही मिनिटांत रक्त थांबतं. आठवडाभरात खपली पडते आणि आपण जखम विसरतो. पण जखम खोल असेल, तर आतलं काम पुढे कित्येक महिने चालू राहतं.

सुरुवातीला घाई असते. रक्तातल्या प्लेटलेट कापलेल्या जागी चिकटतात, त्यांच्याभोवती फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं तयार होतं. मग पांढऱ्या पेशी येऊन जंतू आणि मेलेल्या पेशी गिळतात. जखमेभोवतीची लाली आणि सूज याच काळातली. जागा साफ होत आली की फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजेन बनवू लागतात. त्वचा, कंडरा, हाडं यांना ताकद देणारं हे प्रथिन.

ते इतकं चिवट कशामुळे, हे चेन्नईत उलगडलं. १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी क्ष-किरणांच्या मदतीने कोलॅजेनची रचना मांडली: तीन पेडांच्या दोरासारखी, एकमेकींभोवती पीळ घेतलेल्या तीन साखळ्यांची. रामचंद्रन तेव्हा ३१ वर्षांचे होते. पीळ इतका घट्ट, की साखळीतला प्रत्येक तिसरा दुवा ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्लच असावं लागतं. दुसरं काही आत मावतच नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण हा पीळ नुसत्या उकळण्याने सुटतो आणि त्याचं जिलेटिन होतं.

चामडं म्हणजेही मुख्यतः कोलॅजेनच. त्यामुळे चेन्नईतल्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने भाजलेल्या जखमांवर लावायची कोलॅजेनची पातळ पटलं तयार केली, यात नवल नाही.

जखमेत आधी घाईने वळलेला कच्चा दोर असतो. शरीर तो हळूहळू काढून पक्का घालतं. टाके साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत निघतात, तेव्हा त्या जागेची ताकद मूळ त्वचेच्या अगदी थोडीच असते. काही महिन्यांनी ती फार तर ८० टक्क्यांपर्यंत पोचते. म्हणून पोटाच्या ऑपरेशननंतर डॉक्टर वजन उचलू नका म्हणतात. टाके निघाले की बाईने लगेच भरलेल्या बादल्या उचलाव्यात, ही घरोघरची अपेक्षा मात्र सुटत नाही. मधुमेह असेल तर हे सगळंच मंदावतं; पायाची जखम दुखत नसली तरी डॉक्टरांना लगेच दाखवा.

हा पीळ टिकायला क जीवनसत्त्व लागतं. ते आवळा, पेरू, लिंबू यांतून मिळतं. १७४० मध्ये निघालेल्या जॉर्ज अॅन्सन यांच्या सागरी मोहिमेत खलाशांना ते मिळेना आणि स्कर्व्ही झाला. त्यांतल्या एकाची ५० वर्षांपूर्वी भरलेली जखम पुन्हा उघडल्याची नोंद आहे. त्या जुन्या वणातही इतकी वर्षं झिजलेला दोर काढून नवा वळणं चालूच होतं. नवा वळता येईना, तेव्हा वण उसवला.