स्प्रिंगच्या आधी शॉकॲब्सॉर्बर

फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम दिसलेली माझदा एमएक्स-5 ही दोन आसनांची छोटी स्पोर्ट्‌स कार चपळपणासाठी नावाजली गेली. त्या पहिल्या पिढीच्या गाड्या आता जुन्या झाल्या असून, अमेरिका, ब्रिटन व जपानमधील हौशी मालक त्यांचे सस्पेन्शन सुधारायला घेतात, तेव्हा बहुधा पहिली खरेदी आखूड व कडक स्प्रिंगांची होते. गाडी तीन-चार सेंटिमीटर खाली बसते, चाक आणि मडगार्ड यांतली फट बुजते आणि छायाचित्रात ती देखणी दिसते; रोजच्या रस्त्याच्या दृष्टीने मात्र ही सुरुवात चुकीच्या टोकाकडून झालेली असते.

सस्पेन्शनची खरी पुंजी म्हणजे ट्रॅव्हल, अर्थात चाकाला वर-खाली होण्यासाठी उपलब्ध असलेली जागा. एमएक्स-5 मध्ये ती मुळातच बेताची असल्याने, चाक फार वर आले असता त्याला अडवणारा मऊ फोमचा ठोकळा, म्हणजे बंपस्टॉप, या गाडीत केवळ शेवटचा अडसर नसून स्प्रिंगचा जोडीदार म्हणून काम करतो. गाडी तीन सेंटिमीटर खाली आणली की तेवढी जागा थेट या ठोकळ्याच्या आधीच्या मोकळ्या अंतरातून वजा होते, आणि खड्ड्यात बसणारा जो दणका मालक कडक स्प्रिंगच्या माथी मारतो, तो पुष्कळदा बंपस्टॉपवर आदळण्याचा असतो.

स्प्रिंगचा कडकपणा किती असावा, हे ठरवताना अभियंते गाडीच्या नैसर्गिक वारंवारतेचा, म्हणजे धक्का बसल्यावर गाडी सेकंदाला किती वेळा हेलकावते याचा, विचार करतात. साध्या प्रवासी गाडीत ती एक ते दीड हर्ट्‌झच्या आसपास असते. दोन हर्ट्‌झच्या पुढे गेल्यावर शर्यतीच्या गाडीचा प्रांत सुरू होतो. ही वारंवारता कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असल्याने, दुप्पट कडक स्प्रिंग बसवली तरी ती सुमारे 41 टक्केच वाढते. रोल्स-रॉइसमधून 1930 मध्ये जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात गेलेले मॉरिस ऑली यांनी मागची वारंवारता पुढच्यापेक्षा किंचित जास्त ठेवण्याचा नियम मांडला: उंचवटा पुढच्या चाकांना आधी लागतो आणि मागची बाजू जरा जलद हलली, तरच ती पुढच्या बाजूला गाठते व गाडी झोपाळ्यासारखी डोलत नाही. त्यामुळे फक्त पुढच्या स्प्रिंगा कडक करणे, हा गाडी बिघडवण्याचा खात्रीचा मार्ग ठरतो.

मग पैसा कुठे घालावा? शॉकॲब्सॉर्बरमध्ये. हे नाव खरे तर फसवे आहे, कारण धक्का झेलते ती स्प्रिंग. शॉकॲब्सॉर्बर तेलाला बारीक छिद्रांतून व झडपांतून जायला भाग पाडून हेलकाव्याची ऊर्जा उष्णतेत घालवतो. वळणावर गाडी कलते किंवा ब्रेक लागताच नाक खाली जाते, तेव्हा त्यातला दट्ट्या संथ सरकतो. चाक खड्ड्यात पडते तेव्हा तो झपाट्याने सरकतो. उत्तम झडप संथ गतीत चांगला विरोध करते, पण गती वाढल्यावर तो विरोध त्याच प्रमाणात वाढू देत नाही, त्यामुळे गाडी वळणावर आटोपशीर राहते आणि खड्ड्यात मणका ठणकत नाही. चांगली स्पोर्ट्‌स कार म्हणजे कडक गाडी, हा समज 1962 च्या लोटस इलाननेच खोटा ठरवला होता. तिच्या स्प्रिंगा मऊ होत्या, ट्रॅव्हल भरपूर होता, आणि एमएक्स-5 घडवणाऱ्यांसमोर आदर्श तिचाच होता.

अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचे कलणे रोखणारी दांडी, जाड बसवता येते. पण एका चाकाचा धक्का ती दुसऱ्या चाकापर्यंत पोहोचवते, आणि मागची दांडी अति जाड झाली तर ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरते.

या सगळ्याहून स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित राहतात ते रबरी बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांत बसवलेली रबराची नळकांडी. वर्षानुवर्षे वापरात राहून ते कडक होतात, तडकतात, आणि नव्या शॉकॲब्सॉर्बरचा निम्मा गुण तिथेच वाया जातो. नवे बुश घालतानाही एक चूक सर्रास होते: गाडी जॅकवर, चाके लोंबकळत असतानाच बोल्ट पक्के आवळले जातात, त्यामुळे गाडी जमिनीवर येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटते. चाकांवर गाडीचा भार आल्यावरच ते बोल्ट आवळायचे असतात.