जॅकेटची ऊब धुऊन जाऊ नये म्हणून

दिवाळी सरली, ऊसतोड सुरू झाली की आमच्या वारणानगरात पहाटेचा गारठा जाणवू लागतो. नदीकाठच्या उसातून येणारा वारा अंगाला झोंबतो. डेअरीला दूध घालायला निघालेले, पहिल्या पाळीला जाणारे, फजरच्या नमाजला निघालेले वडीलधारे, कोडोलीहून मोटारसायकलवर कॉलेजला येणारी मुले, ज्याच्या त्याच्या अंगावर आता ते फुगीर जॅकेट दिसते. पूर्वी घरोघरी स्वेटर, मफलर नाहीतर घोंगडे असायचे. ते कसे धुवायचे हे अम्मीने, दादीने शिकवलेले होते. हे जॅकेट कसे धुवायचे, हे मात्र आपल्याला कुणी शिकवलेच नाही. मलाही नव्हते. म्हणूनच या महिन्यात हा विषय घेतला.

माझी चूक आधी सांगते. थोरल्याने नोकरीच्या पहिल्या पगारातून अब्बांसाठी जॅकेट आणले. मुलांचे अब्बा हंगामात रात्रपाळीला ट्रॅक्टरवर असतात. तो हिवाळा त्यांनी ते अंगावरून उतरवले नाही. उन्हाळा लागताच मी ते मनापासून धुतले. कढत पाण्यात पावडर घालून रात्रभर भिजवले, कॉलर ब्रशने घासली, चादरीसारखे पिळले, गच्चीवर भर उन्हात टाकले आणि वर कडक इस्त्री फिरवली. दिसायला अगदी नवे! पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्याच रात्री ते म्हणाले, “यात आता काही राहिलं नाही बघ.” हात लावून पाहिले, तर खांद्यावर नुसते कापड होते आणि सगळा भरणा खाली गोळा होऊन बसला होता. पोराला वाईट वाटेल म्हणून त्यांनी ते घालणे सोडले नाही. आत माझी जुनी शाल गुंडाळून घ्यायचे. ईदला पोरगा आला तेव्हा त्याने ती शाल पाहिली. तो काही बोलला नाही, पण मला मान वर करवेना.

नेमके काय बिघडले, हे कळायला मला माहेरचे पिंजारीचाचा आठवावे लागले. आठवतात ना? खांद्यावर धनुष्यासारखे पिंजण घेऊन गल्लीत यायचे. दबून ढेकळे झालेला गादीचा कापूस अंगणात टाकायचे आणि तार छेडत पिंजायचे. संध्याकाळपर्यंत तोच कापूस ढगासारखा फुलायचा. ते वेगळा कापूस घालत नसत. घालत ती हवा. ऊब कापसाची नसतेच, कापसात अडकून बसलेल्या हवेची असते.

जॅकेटचेही तसेच आहे. आत पॉलिएस्टरचे केसासारखे बारीक तंतू असतात. हा धागा १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोन रसायनतज्ज्ञांनी शोधला. भरण्यासाठीच्या तंतूंना कारखान्यात मुद्दाम कुरळे वळण देतात, काही तंतू आतून पोकळही असतात. त्या कुरळेपणातच हवा अडकते. हे वळण उष्णतेने पक्के केलेले असते, आणि जास्त उष्णतेनेच ते मोडते. एकदा तंतू चपटे झाले की संपले. कापसाला पिंजारी होता, या भरण्याला पिंजारी नाही. म्हणून सगळी काळजी एवढ्यासाठीच, की ती हवा जाऊ नये.

धुण्याआधी

आतल्या शिवणीतली चिठ्ठी वाचा. भरणा शंभर टक्के पॉलिएस्टर असेल तर पुढचे सगळे तुमच्यासाठी. ‘डाउन’ असे लिहिले असेल तर आत पिसे आहेत. त्याची निगा वेगळी, ते या लेखात नाही. चिठ्ठीवरची चित्रेही समजून घ्या. पाण्याच्या टबात ३० आकडा असेल तर पाणी ३० अंशांहून गरम नको. टबात हात असेल तर हातानेच धुवायचे. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको, इस्त्रीवर फुली म्हणजे इस्त्री नको, वर्तुळावर फुली म्हणजे ड्रायक्लीनला देऊ नका.

रोज वापरातले जॅकेटही सारखे धुवायची गरज नाही. हंगामात एकदा आणि ठेवून देताना एकदा, एवढे पुरते. मधे डाग पडला तर तेवढाच पुसावा.

पाचटाची राख उडून बसली असेल तर पाणी लावू नका, काळे ओघळ उठतील. आधी कोरडेच झटका, मऊ ब्रशने झाडा. गुऱ्हाळावर काकवीचा डाग पडला तर कोमट पाण्याच्या फडक्याने निघतो. कॉलरचे खोबरेल आणि अत्तराचा डाग मात्र चिवट असतो, कारण पॉलिएस्टर तेल धरून ठेवते. त्यावर भांड्यांच्या पातळ साबणाचा एक थेंब टाकून बोटाने हलके चोळा आणि दहा-पंधरा मिनिटे थांबा. अत्तर लावायचेच तर आतल्या सुती कुडत्याला लावायला सांगा. रॉकेल, पेट्रोल, ब्लीच यांना हात लावू नका.

खिसे रिकामे करा. पेन, बिले, सुपारीची पुडी, सगळे काढा. चेन लावा, चिकटपट्टी मिटवा आणि जॅकेट उलटे करा.

धुताना

मोठा टब घ्या. हिवाळ्यात वुजूसाठी जेवढे पाणी कोमट करतो, तेवढेच कोमट पुरे. पावडरऐवजी पातळ साबण, तोही एक झाकण. बोअरच्या जड पाण्यात पावडर नीट विरघळत नाही आणि भरण्यात पांढरी बसून राहते. साबण आत उरला की तंतू एकमेकांना चिकटतात, आणि बाहेरच्या कापडावर पडलेले पाणी घरंगळून न जाता मुरायला लागते. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रावणही याच कारणासाठी नको.

जॅकेट पाण्यात दाबून बुडवा आणि कणकेसारखे हलके दाबत राहा. दहा मिनिटे पुष्कळ झाली. घासणे, आपटणे, धोका मारणे नको. मग कपडा तीन पाण्यांतून काढायची आपली सवय इथे फार कामी येते. तिसऱ्या पाण्यातही फेस दिसला तर चौथे घ्या.

उचलताना खांद्याला धरून उचलू नका. ओल्या जॅकेटचे वजन फार असते. त्याने शिवणी उसवतात आणि भरणा खाली घसरतो. दोन्ही हात खालून घालून तान्ह्या बाळासारखे उचला. पिळायचे तर मुळीच नाही. टबाच्या कडेला दाबून पाणी काढा, मग जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून वरून दाबा.

मशीन असेल आणि चिठ्ठी परवानगी देत असेल, तर समोरून दार असलेल्या मशीनमध्ये नाजूक कपड्यांच्या फेरीवर चालेल. वरून झाकण असलेल्या मशीनमध्ये मधल्या खांबाला जॅकेट गुंडाळते, तिथे हातानेच धुतलेले बरे. पाणी आत शिरू न देणारे रेनकोटसारखे कापड असेल तर मशीनमध्ये फिरवून पाणी काढायला जाऊ नका. पाणी आतच अडकते, वजन एका बाजूला जाते आणि मशीन धडधडा उड्या मारते.

वाळवताना

सुंभाची बाज असेल तर तिच्यासारखी जागा नाही, खालूनही वारा लागतो. सावलीत जॅकेट आडवे पसरा आणि दर दोन-तीन तासांनी उलटा. उलटताना प्रत्येक कप्पा दोन्ही तळव्यांत धरून टाळी वाजवल्यासारखे थोपटा, गोळे सुटतात. पिंजारीचाचांचे काम आपल्याला एवढेच करता येते, आणि तेही ओले असतानाच. पॉलिएस्टर स्वतः पाणी फारसे धरत नाही. हवेतली ओल कापूस आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के पितो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. त्यामुळे हे लवकर वाळते. तरी काखेतल्या आणि खिशांच्या शिवणी चाचपून पाहा. तिथे ओल राहिली की कुबट वास येतो.

चूल, शेगडी, हीटर यांच्याजवळ वाळत घालू नका. पॉलिएस्टर वितळते सुमारे २५० ते २६० अंशांना, पण त्याच्या कितीतरी आधी त्याचे वळण मोडते. माझ्या इस्त्रीने तेच केले. आणखी एक गोष्ट घरातल्या पोरांना बजावून सांगा. शेकोटीजवळ असे जॅकेट घालून वाकू नये. ठिणगी पडली तर सुती कापडासारखे ते नुसते जळत नाही, वितळून कातडीला चिकटते.

ठेवताना

हिवाळा संपला की जॅकेट धुऊन, पूर्ण वाळवून मगच ठेवा. पेटीच्या तळाशी गाद्यांखाली दाबू नका आणि हवा ओढून चपटी करणाऱ्या पिशवीतही घालू नका. जी हवा राखायची, तीच आपण काढून टाकतो. रुंद हँगरला लावा किंवा सैल घडी करून कपाटात सर्वांत वर, जुन्या सुती ओढणीत बांधून ठेवा. डांबराच्या गोळ्यांची गरज नाही. कसर लोकर खाते, पॉलिएस्टर खात नाही. ती येते ती कॉलरवरच्या घामाला आणि सांडलेल्या अन्नाला. स्वच्छ धुतलेले असेल तर चिंता नाही.

तुमच्या घरातले जॅकेट अजून जिवंत आहे का, हे बघायला मुठीत दाबून सोडा. लगेच फुगून वर आले तर ठीक. मग उजेडासमोर धरा. कप्प्यांत रिकाम्या जागा दिसल्या तर भरणा सरकला आहे. नुसता सरकला असेल तर धुऊन, थोपटून पुष्कळसा जागेवर येतो. चपटा झाला असेल तर येत नाही. तरी फेकू नका. वाकळ शिवताना मधल्या थराला तो छान चालतो.

थोरल्याचे ते जॅकेट मात्र मी वाकळीत घातलेले नाही. मुलांच्या अब्बांनी घालू दिले नाही. यंदा ईदच्या पैशांतून धाकट्याने दुसरे आणले आणि माझ्या हातात देताना म्हणाला, “अम्मी, याला इस्त्री नको हं.” अब्बा हसले, मीही हसले. रविवारी ते पहिल्यांदा धुतले, बाजेवर पसरले आणि दुपारभर जाता-येता थोपटत राहिले. रात्री पाळीला निघताना त्यांनी ते घातले. शाल खुंटीलाच होती.